इंदूर शहराची आंखणी व एका दिवाळीच्या मिरवणुकीची हकीकत

इंदूर दरबारच्या सांगण्यावरून स्कॉच पंडित प्रो. पॅट्रिक गेडिस यांनीं त्या शहराच्या सुधारणेविषयीं लिहिलेला अहवाल इ. स. १९१८ त होळकर सरकारच्या छापखान्यांत दोन भागांत छापून निघाला. मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें धुंडाळणाऱ्यांच्या हातीं हा ग्रंथ सहसा पडत नाहीं. तो इंग्रजींत आहे, सनदा व महजर यांच्याशीं त्याचा संबंध नाहीं, आणि गटारें, विहिरी, बोळ व उकिरडे हे विषय आमच्या मंडळींस बखरींच्या मानानें हलके वाटतात. आम्हांस मात्र त्याचें मोल निराळें वाटतें. वसलेल्या शहराचा रस्ता मोडावयाचा, वळवावयाचा किंवा रुंद करावयाचा झाल्यास त्या रस्त्यावर राहणाऱ्यांस कोणी विचारावें, कसें विचारावें, आणि विचारलें असल्यास त्याचा पुरावा कोठें शोधावा, हा प्रश्न इतिहासाचा आहे. आणि एका मराठी संस्थानाच्या राजधानींत या प्रश्नाचें जें उत्तर देण्यांत आलें तें विलक्षण असून फारसें चर्चिलें गेलेलें नाहीं.

प्रथम आपल्या जुन्या वहिवाटीचा विचार करूं. आज वृत्तपत्रांत ‘लोकांचा कौल’ हे शब्द वाचतांना दफ्तरें चाळणाऱ्यास किंचित् हसूं येतें. कागदोपत्रीं कौल हा रयतेनें सरकारास द्यावयाचा नसून सरकारनें रयतेस द्यावयाचा असे. नवी पेठ वसवावयाची म्हणजे वाणी, उदमी व कारागीर यांस अभय द्यावें, कांहीं वर्षें जकात व पट्टी माफ करावी, पुढें चढत्या इस्ताव्यानें घ्यावी, आणि शेटे व महाजन यांनीं जागा वांटून देऊन कुळें आणावीं, अशी ती रीत. यांत लोकमत विचारल्याचा शब्दहि नाहीं. तथापि कौल घेणारा आलाच नाहीं तर पेठ कागदावरच राहावयाची. तेव्हां येणें किंवा न येणें हेंच त्या काळचें मत होतें. आणि माफीचीं वर्षें किती असावीं यांत उदमी मंडळींच्या घासाघिशीचा अंश असलाच पाहिजे, असें आम्ही समजतों.

वसलेल्या पेठेंतील रस्त्याची गोष्ट निराळी. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दींत पुण्याच्या कोतवालास नेमून दिलेल्या कामांत रस्ते, गल्ल्या व घरें यांविषयींचे तंटे तोडण्याचें काम स्पष्ट घातलेलें आहे. डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांनीं मराठ्यांच्या राज्यकारभारावरील आपल्या १९२३ च्या ग्रंथांत हीं कलमें दिलीं आहेत. जिज्ञासूंनीं तीं तेथें पाहावीं. यावरून रस्ता ही तंट्याची बाब समजली जात होती, आंखणीची नव्हे, हें उघड आहे. शेजाऱ्यानें ओटा पुढें सारला, गाडी जाईना, पन्हळीचें पाणी दुसऱ्याच्या भिंतीवर पडूं लागलें, म्हणजे फिर्याद व्हावी, चार शेजारी साक्षीस बोलवावे आणि वहिवाट पाहून निर्णय व्हावा. रस्त्याची रुंदी अशा निवाड्यांनीं ठरत गेली. आपलीं जुनीं शहरें वांकडींतिकडीं दिसतात तीं कोणास दोरी धरतां येत नव्हती म्हणून नव्हे. त्या प्रत्येक वांकणामागें कोणाचा तरी हक्क मान्य झालेला आहे. ही गोष्ट पुढील कथेंत लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

या वहिवाटीस मोठा धक्का बसला तो प्लेगच्या सांथीनें. मुंबईस १८९६ त सांथ उद्भवली, पुढील वर्षाच्या आरंभीं ती पुण्यांत फैलावली, आणि घरोघर तपासणीसाठीं गोरे सोजीर शिरूं लागले. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. मुंबईंत १८९८ च्या कायद्यानें सुधारणा ट्रस्ट स्थापन होऊन दाट वस्तींतून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड असे सरळ रुंद रस्ते काढण्यांत आले. हवा खेळूं लागली हें खरें. पण ज्यांचीं बिऱ्हाडें त्या रेघेखालीं आलीं ते कोठें गेले, हा प्रश्न रेघ ओढणाऱ्यांनीं स्वतःस पुरेसा विचारला नाहीं. शहर सुधारणें म्हणजे कोणी अधिकारी नकाशा घेऊन येणार आणि घर पडणार, अशी लोकांची समजूत झाली, व ती निराधार नव्हती.

अशा काळांत प्रो. गेडिस हिंदुस्थानांत आले. यांचा जन्म १८५४ चा. हे मूळचे वनस्पतिशास्त्री. डंडी येथें त्या विषयाचे अध्यापक. एडिंबरोच्या जुन्या गांवांत, ज्या आळींत सभ्य मनुष्य पाऊल टाकीत नसे त्या जेम्स कोर्टांत, लग्नानंतर बायकोसह राहावयास जाऊन त्यांनीं शेजाऱ्यांसंगतीं भिंतींस चुना फांसणें, अंगण झाडणें, खिडक्यांत फुलझाडें लावणें असा उद्योग आरंभिला. नगररचनेचें यांचें पहिलें शिक्षण तें. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनीं त्यांस १९१४ त नगररचनेच्या प्रदर्शनासह बोलाविलें. स्वारी पोहोंचली, पण प्रदर्शनाचें सामान ज्या जहाजांत होतें तें एमडेन नांवाच्या जर्मन लढाऊ जहाजानें बुडविलें. वर्षानुवर्षें जमविलेले नकाशे व चित्रें समुद्रतळीं गेलीं. संग्राहकांस या दुःखाची कल्पना येईल. इंग्लंडांतील मित्रांनीं पुन्हां सामान जमवून पाठविलें आणि १९१५ च्या आरंभीं मद्रासेस प्रदर्शन भरलें. पुढें कित्येक वर्षें हे गृहस्थ गांवोगांव हिंडून अहवाल लिहीत होते; १९१९ पासून १९२४ पर्यंत मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे अध्यापकहि होते. फ्रान्सांत मॉंपेल्ये येथें १९३२ त ते वारले.

दक्षिणेंत फिरतांना तंजावर व मदुरा हीं शहरें त्यांच्या पाहण्यांत आलीं. तंजावर म्हणजे आमच्याच व्यंकोजीराजांच्या वंशाची राजधानी. तेथील किल्ल्यांतील दाट वस्तींतून सरळ रस्ते कापण्याची एक योजना पुढें होती. गेडिस यांनीं ती गल्लोगल्लीं पायीं हिंडून तपासली आणि तिच्या जागीं दुसरी सुचविली. जें घर पडकें, ओसाड, राहण्यास नालायक आहे तेवढेंच काढावें. त्या मोकळ्या जागेंत एखादें झाड व बसावयास पार असावा. बोळ जेथें कोंडतो तेथेंच सैल करावा. विहीर, देऊळ, राहतीं घरें यांस हात लावूं नये. या पद्धतीस त्यांनीं जें नांव दिलें त्याचा आशय ‘राखून केलेली शस्त्रक्रिया’ असा आहे. खर्च थोडा, विस्थापित होणारीं माणसें त्याहून थोडीं. मदुरेंत आणखी एक गोष्ट दिसते. देवळाभोंवतींचे चौकोनी रस्ते आडी, चित्तिरै, मासि अशा तामिळ महिन्यांच्या नांवांचे असून ते देवाच्या स्वारीचे रस्ते आहेत. रथ फिरावयाचा असल्यानें तेथें कोणी ओटा पुढें सारूं शकत नाहीं. मिरवणूक हीच रस्त्याची राखणदार. इंदुरास जें घडलें त्याचें बीज येथें असावें, असा आमचा तर्क आहे. स्वदेशीं १९१२ त विद्येच्या इतिहासाचे सोंगांसह मोठे खेळ त्यांनीं एडिंबरोंत करून दाखविले होते, तेंहि या तर्कास पोषक आहे.

आतां इंदुराकडे वळूं. हें शहर एका हातानें वसविलेलें नाहीं. जुनें इंदूर ही जमीनदार मंडलोई घराण्याची वस्ती. होळकरांचा अंमल अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत आला. अहल्याबाईंचें वास्तव्य महेश्वरीं असल्यानें तिच्या काळीं राजधानीचा मान महेश्वरास होता. आणि १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर दरबार इंदुरास स्थिर झाला. खान व सरस्वती या दोन लहान नद्यांच्या कांठीं बाजार पसरत गेले, सात मजली राजवाड्याच्या पुढ्यांत चौक, त्याच्या आसपास सराफा व खजुरी बाजार, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कापसाच्या गिरण्या. गिरण्यांबरोबर मजूर आले, मजुरांबरोबर दाटी आली, नद्यांचीं गटारें झालीं. हिंवताप होताच, त्यांत प्लेग वारंवार येऊं लागला. अशा स्थितींत तिसऱ्या तुकोजीरावांच्या दरबारानें गेडिस यांस पाचारण केलें. अहवालाच्या पहिल्या भागांत विहिरी, नद्या, मैलापाणी, जुने बाजार व नव्या वसाहती यांचा विचार असून दुसरा भाग मध्य हिंदुस्थानासाठीं योजिलेल्या विद्यापीठाविषयीं आहे. तो दुसरा भाग शिक्षणशास्त्र्यांनीं वाचावा. येथें त्याचें प्रयोजन नाहीं.

हातांत नकाशा घेऊन गल्लीबोळांतून हिंडणारा पांढऱ्या दाढीचा हा साहेब पाहून लोक आपसांत कुजबुजत व बोट दाखवीत. काय म्हणतात असें त्यानें सोबत्यांस विचारलें, तेव्हां ‘प्लेग आणणारा म्हातारा साहेब तो हाच’ असें म्हणतात, असें उत्तर मिळालें, ही हकीकत त्याच्या चरित्रकारांनीं नमूद केली आहे. मुंबई व पुणें येथील वीस वर्षांमागचा अनुभव लोकांच्या तोंडून बोलत होता. दुसरा एखादा अधिकारी हें ऐकून शिपाई बरोबर घेऊन हिंडता. यांनीं दरबारकडे जाऊन, आपणांस एक दिवसाचा महाराजा करावें, अशी मागणी केली. ती मान्य झाली.

मग दवंडी पिटली कीं, यंदा दिवाळीस नव्या तऱ्हेची मिरवणूक निघेल. ती हिंदूंच्या नेहमींच्या वाटेनें जाणार नाहीं आणि मुसलमानांच्याहि नाहीं. ज्या रस्त्यावर अधिकांत अधिक घरें दुरुस्त, रंगविलेलीं व स्वच्छ असतील त्या रस्त्यानें ती जाईल. घरांतील केरकचरा सरकारी गाड्यांतून फुकट नेला जाईल. या जाहिरनाम्याचें मर्म आमच्या वाचकांस तात्काळ कळेल. मिरवणुकीची वाट ही आपल्याकडे मानपानाची बाब. पालखी कोणाच्या दारावरून जावी, ताबूत कोणत्या वेशींतून न्यावा, यावरून पिढ्यान्पिढ्या भांडणें चाललेलीं आहेत, आणि वहिवाटीबाहेर पाऊल पडलें कीं दंगा. येथें वहिवाटच एका दिवसापुरती मोकळी सोडून दिली आणि मान कोणास मिळावा हें गल्लींतील लोकांच्या हातीं दिलें. गल्लोगल्लीं चुरस लागली. सहा हजारांहून अधिक गाड्या केर घरांतून व अंगणांतून निघाला, हजारों उंदीर पकडले गेले, सुतार, गवंडी व रंगारी यांस उसंत मिळेना, असें वर्णन आहे.

मिरवणुकीचा थाट असा सांगितला आहे. आरंभीं घोडेस्वार, पायदळ, तोफा, हत्ती, उंट. पाठोपाठ शेतीचीं व कापसाचीं दृश्यें. मग मोडक्या, अंधाऱ्या घरांचे देखावे आणि त्यामागें केरकचऱ्याचा प्रचंड राक्षस, प्लेगचा अवाढव्य उंदीर आणि हिंवतापाचे डांस. नंतर कांहीं अंतर सोडून मिरवणुकीचें रूप पालटे. शहरांतील सारे भंगी धुतलेलीं पांढरीं वस्त्रें लेवून, फुलें बांधलेल्या नव्या केरसुण्या खांद्यावर घेऊन चालत होते. त्यांच्या गाड्या नव्या रंगाच्या, बैलांचीं शिंगें रंगविलेलीं. त्यांस नगराच्या रंगाचीं नवीं पागोटीं दिलीं होतीं, आणि त्याच रंगाचीं पागोटीं शहराच्या कारभाऱ्यांनीं व वरिष्ठ अधिकाऱ्यांनींहि त्या दिवशीं डोक्यास बांधलीं होतीं. त्यामागून इंदूर नगरी ही नवी देवता. तिच्या निशाणावर शहराचा नकाशा काळ्या रेघांनीं काढलेला व योजिलेले फेरफार तांबड्या रेघांनीं दाखविलेले. मग नवीं घरें, ग्रंथसंग्रहालय, पदार्थसंग्रहालय व नाट्यगृह यांच्या प्रतिकृति. शेवटीं रोपांनीं भरलेल्या गाड्या, आणि लोकांस फुकट वांटलेलीं तुळशीचीं रोपें. अंधार पडल्यावर राक्षस व उंदीर बागेंत नेऊन जाळले, दारूकाम झालें.

कोणत्या जातीच्या मनुष्याचें पागोटें कोणत्या रंगाचें व कसें बांधलेलें असावें, यावरून झालेलीं भांडणें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांस सफाई कामगार व कारभारी यांच्या डोक्यावर एकच रंग दिसणें ही लहान गोष्ट वाटणार नाहीं. आम्हांस तर साऱ्या मिरवणुकींत हीच गोष्ट मोठी वाटते. ती एका दिवसापुरती होती, हेंहि येथेंच म्हटलें पाहिजे.

आतां साधनाच्या किंमतीविषयीं. ही विस्तृत हकीकत मुख्यत्वें अमेलिया डिफ्रीस या बाईंनीं गेडिस यांच्यावर लिहिलेल्या १९२७ च्या ग्रंथावरून सर्वत्र पसरली आहे, आणि ती खुद्द गेडिस यांच्याच तोंडची आहे. म्हणजे कर्ता तोच, साक्षी तोच, आणि सांगणाराहि तोच. बखरकारानें आपल्याच धन्याचा पराक्रम वर्णावा त्यांतला हा प्रकार, आणि बखरीस आम्ही जी कसोटी लावतों तीच येथेंहि लावली पाहिजे. मिरवणूक निघाली, ती नव्या वाटेनें गेली, साफसफाई मोठी झाली, यांविषयीं शंका घेण्याचें कारण दिसत नाहीं. गाड्यांचा आंकडा मात्र लढाईंतल्या मुडद्यांच्या आंकड्यासारखा हातचा राखून घ्यावा. मिरवणुकीमुळें प्लेग हटला असें कित्येक लेखक लिहितात, त्यांत अर्धेंच तथ्य आहे. प्लेगची सांथ ऋतूप्रमाणें चढते व उतरते. घरें स्वच्छ होऊन उंदीर गेल्यानें ती लौकर ओसरली असेल, परंतु तिचा काळहि सरत आला होता. एवढें मात्र खरें कीं ज्या रोगासाठीं पुण्यांत लोकांच्या देवघरांत बूट शिरले, त्याच रोगासाठीं इंदुरांत लोकांनीं आपण होऊन माजघर उघडें केलें.

यास लोकमत घेणें म्हणावें काय? आमच्या एका स्नेह्यांचा स्पष्ट अभिप्राय असा कीं, म्हणूं नये. नकाशावरील तांबड्या रेघा गेडिस यांनीं आधींच ओढल्या होत्या. निशाणावर त्या दाखविल्या, विचारल्या नाहींत. सराफ्यांतील दुकानदारानें हरकत घेतली काय, घेतली असल्यास तिचा निकाल काय लागला, हें अहवालावरून समजत नाहीं. आणि जो अधिकार वापरून हें सारें केलें तो एका दिवसाच्या महाराजाचा होता. म्हणजे लोकांस मोकळीक मिळाली तीहि राजाज्ञेनेंच. हा आक्षेप खोटा नाहीं. पण आम्ही जरा निराळें पाहतों. सभा भरवून हात वर करविणें हा मत घेण्याचा एक प्रकार झाला. ज्या शहरांत तो प्रघात रुजलेला नाहीं, तेथें लोक आपल्या दारापुढें काय करतात हें पाहणें हाहि एक प्रकार आहे, व तो कौल घेऊन पेठेंत येणाऱ्या किंवा न येणाऱ्या उदम्याच्या मताशीं जुळतो. एखाद्या गल्लीनें घरें न रंगवितां राहावयाचें ठरविलें असतें तर तिला दंड नव्हता. मिरवणूक शेजारून गेली असती, इतकेंच. शिवाय नकाशा निशाणावर चढवून साऱ्या शहरांतून फिरविणें ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. तोंपर्यंत आंखणीचा नकाशा कचेरीच्या कपाटांत असावयाचा, आणि आपलें घर रेघेखालीं आलें हें मालकास नोटीस हातीं पडल्यावर कळावयाचें. इंदुरांत तो रस्त्यावर उभें राहून कोणासहि पाहतां आला, अर्थात् ज्यास नकाशा वाचतां येई त्यास. इतरांसाठीं प्रतिकृति होत्या.

अहवालांतील सर्व सूचना अंमलांत आल्या नाहींत. विद्यापीठ त्या वेळीं झालें नाहीं. १९२६ त तुकोजीराव गादीवरून दूर झाले आणि कारभाराचें धोरण पालटलें. गेडिस यांच्या हिंदुस्थानांतील अहवालांतून वेंचे निवडून जॅकलिन टिर्‌विट या विदुषीनें १९४७ त लंडनहून एक पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यामुळें त्यांचें नांव नगररचनाकारांत पुन्हां झालें. राजवाड्यास १९८४ त आग लागून त्याची मोठी हानि झाली, पुढें त्याची दुरुस्ति झाली. अलीकडे त्याच परिसरांत रस्ते रुंद करण्याचीं कामें निघालीं, घरांचे दर्शनी भाग तुटले, आणि जुने प्रश्न नव्या तोंडांनीं विचारले गेले. २०१७ पासून स्वच्छ शहरांच्या सरकारी पाहणींत इंदुराचा पहिला क्रमांक वर्षानुवर्षें येत गेला, तेव्हां कित्येकांस त्या दिवाळीची आठवण झाली. दोहोंचा धागा जोडण्यास शंभर वर्षांचें अंतर आम्हांस फार वाटतें. तो मोह आम्ही आवरतों.

राहतां राहिलें तें कागदांचें. अहवाल छापील आहे, तो नाहींसा होणार नाहीं. ज्यांच्या घरांवरून तांबडी रेघ गेली त्यांची बाजू मात्र छापली गेली नाहीं; ती असलीच तर घरांच्या खरेदीखतांत, वांटणीपत्रांत, गहाणखतांत व म्युनिसिपालिटीच्या नोटिशींच्या पाठीवर केलेल्या नोंदींत असेल. खरेदीखतांत चतुःसीमा लिहिलेल्या असतात. एकाच घराचीं पन्नास वर्षांच्या अंतरानें झालेलीं दोन खतें शेजारीं ठेविलीं तर ‘पूर्वेस बोळ’ याचा ‘पूर्वेस सरकारी रस्ता’ केव्हां झाला, ओटा किती हात मागें गेला, पुढची विहीर केव्हांपासून लिहिण्यांतून गेली, हें सहज दिसूं लागतें. मोडी लिपींतील अशीं खतें शाई फिकी झाल्यानें, किंवा सातबारा व सिटी सर्व्हे यांचे दाखले हातीं असल्यानें, निरुपयोगी समजून रद्दींत जातात. इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर व बडोदें येथील, तसेंच पुण्याच्या पेठांतील ज्या गृहस्थांच्या संग्रहीं अशीं घरखतें असतील त्यांनीं तीं फेंकूं नयेत. निदान चतुःसीमेच्या कलमाची व तारखेची नक्कल करून ठेवावी, आणि घर ज्या गल्लींत होतें तिचें त्या वेळचें नांव कागदाच्या पाठीवर लिहून ठेवावें.